वन्यजीव सप्ताहाची प्रश्नमंजुषा: कार्यालयाचा संच घ्यावा का? (उत्तर लांबलंय)

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. चोपड्याला मंडळातर्फे शिकार, मासेमारी, वन्यप्राणी, स्वयंपाक आणि संवर्धन अशा पाच फेऱ्या. गेल्या वर्षी अंतिम फेरीत एका उत्तरावरून पालक स्टेजवर चढले. आणि यंदा एक कार्यालय म्हणतंय की आमचा तयार प्रश्नसंच वापराल तरच प्रमाणपत्रांवर शिक्का. संच घ्यावा की स्वतः प्रश्न काढावेत, असं तुम्ही विचारलंय.

घेऊ नका. शिक्का गेला तर जाऊ द्या. बझर, संघ, वेळ, सूत्रसंचालन हे तुम्हाला जमेलच, त्यात मी पडत नाही.

आमच्याकडे असाच संच आला होता. कार्यालयाचं नाव घेत नाही, ते इथल्या कुणाच्याही ओळखीचं निघेल. झेरॉक्सची झेरॉक्स, कडेची अक्षरं कापलेली, आणि उत्तरं वेगळ्या लखोट्यात. लखोटा स्टेजवरच फोडायचा अशी अट. उत्तरं आधी एकदा बघू द्या म्हणून गेलो तर साहेब दौऱ्यावर. पुन्हा गेलो तर "लेखी द्या". लेखी दिलं, आवक क्रमांक घेतला. त्यानंतर टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले, "वरून आलंय, आम्ही पण उघडलेलं नाही."

अंतिम फेरीत प्रश्न आला: नामशेष समजला गेलेला वनपिंगळा (एक छोटं घुबड) १९९७ साली कोणत्या जिल्ह्यात पुन्हा सापडला? शहाद्याकडच्या एका मुलीने बझर दाबून ठणकावून सांगितलं, "धुळे." लखोट्यात "नंदुरबार". चूक, गुण वजा. आता बघा. वनपिंगळा दिसला २५ नोव्हेंबर १९९७ ला, शहाद्याजवळ. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्या दिवशी शहादा धुळे जिल्ह्यातच होता, पोरीचं उत्तर शंभर टक्के बरोबर. नंदुरबारही चूक नाही, आजच्या नकाशावर तेच आहे. दोन्हीला गुण द्यायचे, विषय संपला असता.

खरी गंमत पुढे आहे. त्याच संचात थोड्या वेळापूर्वी विचारलं होतं की तोरणमाळ कोणत्या जिल्ह्यात. दुसऱ्या संघाने नंदुरबार सांगितलं, तर लखोट्यात "धुळे"! म्हणजे एका कागदावर एक उत्तर जिल्हा फुटण्याआधीचं आणि एक फुटल्यानंतरचं, आणि दोन्ही वेळा बरोबर सांगणारा संघ मार खाणार. कुठल्या तरी जुन्या संचाला नव्या संचाचं ठिगळ लावलेलं होतं, एवढं तरी टंकणाऱ्याला दिसायला हवं होतं. स्टेजवरूनच कार्यालयाला फोन लावला. उत्तर मिळालं, "छापलंय ते बरोबर धरा." नंतर दुरुस्तीचं पत्र मागितलं तर हा विषय आमच्या कक्षाचा नाही म्हणून तालुक्याहून जिल्ह्याला धाडलं, आणि जिल्ह्याहून परत तालुक्याला. पत्र आजतागायत नाही. त्या मुलीचा संघ एका गुणाने गेला.

पत्रकावर "आयोजकांचा निर्णय अंतिम राहील" छापलं की वाचलो असं समजू नका. ती ओळ खान्देशात कुणी मानत नाही भो, निदान आमच्या गावात तरी नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: आधी उत्तरपत्रिका नीट करा, प्रश्न काय कुठेही मिळतात. प्रत्येक उत्तरापुढे ते कधीचं आहे आणि कशावरून घेतलं हे लिहा. प्रश्नात "आजच्या नकाशाप्रमाणे" किंवा "त्या वेळी" हे शब्द घाला. प्रश्न काढणारा आणि उत्तर तपासणारा एकच माणूस नको. आक्षेप पुढचा प्रश्न सुरू व्हायच्या आत घ्यायचा, त्यानंतर नाही. आणि वादातला प्रश्न रद्द करता यावा म्हणून प्रत्येक फेरीत थोडे जादा प्रश्न ठेवा.

कायद्याच्या प्रश्नांत हे सगळ्यात जास्त नडतं. (मी वकील नाही, वनखात्यातही नाही, वाचून सांगतोय. अंतिम मजकूर तुम्ही स्वतः बघा.) १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला सहा अनुसूच्या (शेवटी जोडलेल्या प्राणी-वनस्पतींच्या याद्या), असं जुनी पुस्तकं सांगतात. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि अनुसूच्या चार झाल्या. पूर्वी कावळा, उंदीर, फळं खाणारी वटवाघळं पाचव्या अनुसूचीत उपद्रवी म्हणून होती. ती यादीच निघाली. तुमच्या त्या संचात "सहा" असेल असा माझा अंदाज आहे, बघा उघडून. तसंच राज्य मासा. २०२३ च्या आधीच्या कुठल्याही संचात तो नसणार, कारण पापलेटला तो मान त्याच वर्षी मिळाला. राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन मात्र २०१५ पासून आहे.

शिकारीच्या फेरीबद्दल माझं मत जरा कडक आहे. कोणता प्राणी कसा धरतात, फासा कसा लावतात, असले प्रश्न अजिबात नकोत. शहरातून आलेला सूत्रसंचालक "आदिवासी काय काय मारून खातात" यावर विनोद करतो आणि समोर पावरा, भिल्ल, तडवी पोरं बसलेली असतात. त्यापेक्षा हे विचारा: रानपाखराचं घरटं मुद्दाम हलवलं किंवा अंडी फोडली तर कायद्याच्या भाषेत त्याला काय म्हणतात? उत्तर आहे "शिकार". सभागृह गप्प होतं, कारण लहानपणी ते बहुतेकांनी केलेलं असतं. चित्ता चालेल: १९५२ ला भारतातून संपल्याचं जाहीर झालं, १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आठ मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात आले.

मासेमारीत तयार संच हमखास कोकणात जातात. बोंबील आपल्याकडे आठवडे बाजारात वाळलेला येतो, पोरांनी जिवंत कधी बघितलाय? तापीवर या, तिच्यावरच्या हतनूर धरणावर या. आमच्या संचात "तापीचा मूळ मासा" म्हणून रोहू दिला होता आणि मागच्या रांगेतले एक भोईकाका मोठ्याने हसले. रोहू, कटला, मृगळ हे गंगेकडचे. आपल्या धरणांत त्यांचं बीज आणून सोडतात. ते बीज मिळायला लागलं त्याचीही गोष्ट आहे. १० जुलै १९५७ ला ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी पियूष ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांना प्रजननाला लावलं, म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. यावर चांगले दोन-तीन प्रश्न निघतात.

वनपिंगळ्यावर तर अख्खी फेरी होईल, आणि ती आपल्या भागाचीच होईल. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना नव्हता. मधे माइनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ ला गुजरातेत मांडवीजवळ मिळाल्याचा दावा केला. तो नमुना पुढे चोरीचा निघाला, दुसऱ्याचा उचलून त्यावर आपली चिठ्ठी लावलेली. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ बाईंनी ते उघडकीला आणलं, तो दावा बाजूला ठेवला आणि खरे जुने नमुने जिथले तिथे जाऊन शोधलं, तेव्हा शहाद्याकडे तो सापडला. जुन्या नमुन्यांतले काही जेम्स डेव्हिडसन या इंग्रजी अमदानीतल्या सनदी अधिकाऱ्याने गोळा केलेले. त्याच्या काळात ना धुळे जिल्हा होता ना नंदुरबार, सगळा मिळून एकच खान्देश. त्याचे पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश असे दोन जिल्हे १९०६ ला झाले. म्हणजे जुने नमुने कोणत्या जिल्ह्यातले असं विचारलं तर तिसरं उत्तरही आहे! एक सूचना: "निशाचर पक्षी ओळखा" मध्ये पिंगळा म्हणून याला टाकू नका, हा दिवसाही चांगला वावरतो.

स्वयंपाकाची फेरी बोलून घेऊच नका. भरितात शेंगदाणे किती, कांद्याची पात कधी घालायची, यावर यावल आणि भुसावळचं एकमत होणार नाही, आणि टोमॅटोचं नाव काढलं तर मीच बझर उचलून फेकीन. फार तर जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं, एवढं विचारा. बाकी वाट्यांत काळ्या मसाल्याचे जिन्नस ठेवा, डोळ्यांवर पट्टी बांधा, वासावरून ओळखू द्या. दगडफूल ओळखलं की जोडप्रश्न: हे फूल आहे का? नाही, दगडा-झाडांवर वाढणारं शैवाक आहे, बुरशी आणि शैवाल मिळून झालेलं. संवर्धनाची फेरी तिथूनच सुरू करता येते. आमच्याकडे आज्यांना याच फेरीत सगळ्यात जास्त मजा आली.

शिक्क्याचं म्हणाल तर प्रमाणपत्रावर मंडळाचा आणि शाळेचा शिक्का पुरतो. पाल किंवा अनेरच्या जंगलाकडच्या एखाद्या वनरक्षकाला पाहुणा म्हणून बोलवा, पोरं त्यालाच घेरतात.

आणि सजावटीसाठी कुणी "आमच्या आजोबांचं सांबराचं शिंग आहे, स्टेजवर लावू" म्हणून घेऊन आलं तर लगेच परत पाठवा, फोटोही काढू देऊ नका. कागदपत्राशिवाय ते घरात असणं हाच गुन्हा ठरू शकतो, आणि तुमच्या कार्यक्रमाला खाकी वर्दीतला माणूस पाहुणा आहे.