मंडळीचा इतिहास लिहिताना

प्रिय पोरी,
सप्रेम सलाम.

आपल्या मंडळीच्या (चर्चच्या) स्मरणिकेचं काम तू अंगावर घेतलंस, फार बरं वाटलं. आराखडा वाचला. जवळजवळ प्रत्येक प्रकरणाला एखाद्या मिशनरी साहेबाचं नाव आहे. ते बदल, एवढ्यासाठीच हे पत्र.

साहेबांना वगळ असं नाही. आपली फ्री मेथडिस्ट मंडळी १८६० मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या पेकिन गावी सुरू झाली. देवळातली बाकं पैसेवाल्यांना भाड्यानं द्यायची तिकडची रीत या लोकांनी नाकारली, गुलामगिरीलाही विरोध केला. हे ठळक लिही. ज्या गावांत पाणवठासुद्धा वेगळा होता, तिथं अशी मंडळी आली होती. अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड १८८१ मध्ये भारतात आले, बऱ्हाणपूरपासून कामाला लागले. पुढे यवतमाळ मुख्य ठाणं झालं. मिशनांनी जिल्हे वाटून घेतले होते. अकोला-अमरावतीकडे अलायन्स, बुलढाण्याकडे नाझरीन, नागपुरात १८४५ पासून स्कॉटिश मिशन, चांद्याला (आताच्या चंद्रपूरला) स्कॉटिश एपिस्कोपल. म्हणून तर आपली मुलगी अकोल्याला दिली की तिची मंडळी बदलते!

१८९३ मध्ये नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. ते हेच वॉर्ड होते, असं टिळकांचे चरित्रकार लिहितात. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आज आपल्या खेड्यातल्या उपासनेत पेटी-ढोलकीवर जी गीतं म्हटली जातात, त्यांत कितीतरी टिळकांची. मराठी माणसाच्या तोंडून मराठी चालीत आली, तेव्हाच सुवार्ता घरात शिरली. या गोष्टीला हवी तेवढी पानं दे.

खरी वाढ कोणी केली ते बाप्तिस्मा रजिस्टरात बघ. तारीख, नाव, बापाचं नाव, गाव, धंदा. शेवटी बाप्तिस्मा देणाऱ्या साहेबाची झोकदार सही. पण साक्षीदाराच्या रकान्यात थांब. तिथं वर्षानुवर्षं तीच दोन-तीन नावं दिसतील, एखादं मोडी लिपीत. हे सुवार्तिक. पावसाळा सरला की गावोगाव तंबू पडायचे. साहेब चार वाक्यं बोलायचे आणि रात्री कंदिलाभोवती लोकांच्या शंकांना उत्तरं द्यायचे ते हेच. बायबलबाईचं तर नावही सापडायचं नाही, हिशेबाच्या वहीत फक्त पगार सापडेल. ज्या माजघरात कोणा पुरुषाला जाता येत नव्हतं तिथं ती बसायची, वाचायला शिकवायची. म्हाताऱ्या बायांना विचार, त्यांच्या आजीला अक्षर कोणी लावलं. त्या गेल्या की सांगणारं कोणी उरणार नाही, म्हणून हे काम आधी कर.

१८९९-१९०० चा दुष्काळ टाळू नकोस. 'पोटासाठी ख्रिस्ती झाले' हा टोमणा आपण सगळ्यांनी ऐकलाय, म्हणूनच सरळ लिही. मिशनांनी अनाथ लेकरं वाढवली, शिकवली, जगवली. त्या लेकरांचा धर्म ठरवताना त्यांना कोणी विचारलं नव्हतं, हेही लिही. दोन्ही खरं आहे.

आणि १९५६. तेव्हा आपला यवतमाळ जिल्हा मध्य प्रदेशात होता. मिशनांवर ठपका ठेवणारा नियोगी समितीचा अहवाल त्याच वर्षी आला, आणि १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. ज्या वस्त्यांत आपले सुवार्तिक फिरायचे, त्यातले बहुतेक तिकडे गेले. आपल्या जुन्या लोकांच्या बोलण्यात याची खंत येते. तू ती खंत उचलू नकोस. माणूस म्हणून उभं राहायचं होतं, त्यांना वाट सापडली. त्यांची घरं आपल्या घरांना लागून आहेत, सोयरिकी आहेत. त्यांच्याकडेही जा, आपल्या मंडळीबद्दल विचार. मंडळी लहान का राहिली, हे त्यांच्याइतकं स्पष्ट कोणी सांगणार नाही.

उमरीचा दवाखाना, १९५३ ला यवतमाळात निघालेली आणि १९८३ ला पुण्याला हललेली सेमिनरी (पाळक घडवणारी शाळा), हे एका पानात आटप. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

रजिस्टराची पानं ठिसूळ झालीत. फोटो तिथंच टेबलावर ठेवून काढ, झेरॉक्सला नेऊ नकोस. आणि १९५६ चं प्रकरण लिहून झालं की आधी ते पाठव.

तुझा,
मास्तरकाका