विश्रांतीची तारीख आधी ठरवा

पत्र : ताई, माझी सहा जणांची छोटी डिझाइन संस्था आहे. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या ३९व्या वर्षी, मला एडीएचडी (लक्ष आवरण्यातली जन्मजात अडचण) आणि ऑटिझम (स्वमग्नता) दोन्ही असल्याचे निदान झाले. काम एकदा अंगात भिनले की मी दहा-बारा तास जागची हलत नाही आणि त्यानंतर दोन-तीन दिवस अशी कोसळते की कोटेशन लिहून तयार असते, आकडा ठरलेला असतो, पण ‘पाठवा’वर बोट जात नाही. फोन पालथा घालून नुसती पडून राहते. घरच्यांच्या आग्रहाखातर सगळ्यांबरोबर आठवडाभर फिरून आले, तर परतल्यावर अधिकच गळून गेले. सहकारी राबत असताना मालकिणीने आडवे व्हायचे याची लाज वाटते. ही खरोखर विश्रांतीची गरज आहे की निव्वळ आळस?
– एक उद्योजिका

सप्रेम नमस्कार,

आळशी माणसाला पडून राहण्यात सुख वाटते. तुम्ही पडून राहता तेव्हा त्या न गेलेल्या कोटेशनचाच विचार तुमच्या डोक्यात घोळत असतो, म्हणजे कामही होत नाही आणि विसावाही मिळत नाही. त्यामुळे आळसाचा प्रश्न मी बाजूला ठेवते. मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट : तुम्ही विश्रांती आजही घेताच आहात, आणि दोन-तीन दिवस म्हणजे काही कमी नाही. फक्त तिची वेळ तुम्ही न ठरवता तुमचे कोसळणे ठरवते, आणि ती नेमकी क्लायंट उत्तराची वाट पाहत असतानाच येते.

हे का होते, ते नीट समजून घ्या. एडीएचडीमध्ये अडचण लक्ष देण्याची असते त्याहून अधिक ते हवे तेव्हा वळवण्याची असते. काम सुरू करणे, मध्येच थांबवणे, एकातून दुसऱ्यात शिरणे या प्रत्येक वळणावर जास्तीची शक्ती खर्च होते. एकाग्रतेच्या त्या दहा-बारा तासांत भूक, तहान, पाठीचे अवघडणे यांची वर्दीसुद्धा अनेकांना उशिरा लागते. ती ऊर्जा उचल घेतल्यासारखी असते आणि तिची वसुली पुढच्या दिवसांतून होते. त्यात संस्था चालवणाऱ्या व्यक्तीचे काम म्हणजे दिवसभर नुसती वळणेच : मांडणीत डोके घातलेले असताना क्लायंटचा फोन, त्यातून बाहेर पडता पडता सहकाऱ्याची शंका, मग थकलेले बिल. अर्धवट सोडलेल्या कामात आपल्या लक्षाचा काही भाग अडकून राहतो आणि पुढचे काम त्यामुळे खालावते, हे सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवून दिले. ते कोणालाही लागू आहे. तुमच्या बाबतीत त्याची किंमत अधिक, इतकेच.

दुसरा खर्च दिसत नाही, म्हणून तो हिशेबात धरला जात नाही. क्लायंटसमोर नजरेला नजर देणे, बोलण्याची पाळी ओळखणे, दिव्याचा प्रखर उजेड किंवा खोलीतला गोंगाट सोसत हसतमुख राहणे, अशा प्रकारे मुखवटा सांभाळण्याला ‘मास्किंग’ म्हणतात. तासाभराची बैठक तुमच्या वहीत तासाभराचीच लिहिलेली असते, प्रत्यक्षात मात्र ती अर्धा दिवस खाते. असा ताण साचत गेला की ऑटिझम असलेली व्यक्ती पार थकून जाते, त्याला ‘ऑटिस्टिक बर्नआउट’ म्हणतात. त्याची व्याख्या करणारा डोरा रेमेकर आणि सहकारी संशोधकांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ टिकणारा थकवा, एरवी येत असलेली कौशल्ये तात्पुरती हातातून निसटणे आणि आवाज-उजेड सहन होण्याची क्षमता घटणे, ही त्यातली मुख्य लक्षणे आहेत. तुमचे प्रत्येक कोसळणे म्हणजे तो बर्नआउटच असे मी म्हणणार नाही, कारण तो सहसा महिनोन्‌महिने चालतो. पण हे चक्र असेच फिरत राहिले तर वाट तिकडेच जाते.

आता त्या फसलेल्या सुटीविषयी. नवी जागा, सतत सोबत, रोज बदलणारा दिनक्रम आणि सगळ्यांच्या आनंदात सामील दिसण्याची जबाबदारी, यात तुमच्या मेंदूला निवांतपणा कुठे होता? घरच्यांचा हेतू चांगला होता, पण ती विश्रांती त्यांच्या मापाची होती. तुमच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. एडीएचडीला नावीन्य हवे असते, ऑटिझमला ठरलेपण; एक बाजू शांत खोलीत कंटाळते आणि दुसरी बाहेर पडल्यावर थकते. (ही दोन्ही निदाने एकत्र करण्याची मुभाच अमेरिकन मनोविकार नियमावलीने २०१३ पर्यंत दिलेली नव्हती, तेव्हा आपल्याला इतक्या उशिरा कसे कळले याचा दोष स्वतःकडे घेऊ नका.) म्हणून पडून राहणे हाच आरामाचा एकमेव प्रकार मानू नका. ओळखीच्या रस्त्याने एकटीने चालणे, हाताला काम देणारे विणकाम किंवा बागकाम, मंद उजेडात तेच ते संगीत ऐकणे, यांपैकी जे केल्यावर एखादा लहानसा निर्णय सहज घेता येतो, ती तुमची विश्रांती. फोनवर तासभर बोट फिरवल्यानंतर तसे होते का, हे एकदा प्रामाणिकपणे तपासून पाहा.

उद्योगाच्या बाजूने सांगायचे, तर काम स्वीकारतानाच त्याच्या तारखांत नंतरचा मोकळा दिवस धरा आणि तो कोटेशनमधल्या मुदतीत मिसळून टाका; क्लायंटला मुदत कळते, तिच्या आतली विभागणी कळण्याची गरज नसते. बैठकीनंतरचा अर्धा तास कोणाशीही न बोलण्यासाठी राखून ठेवा. एकाग्रता मोडण्यासाठी गजरावर विसंबू नका, कारण तो तुम्ही हातासरशी बंद कराल. खोलीत येऊन ‘आता उठा’ म्हणणारे माणूस लागते. आणि तयार कोटेशन पाठवण्याचे काम आजच एखाद्या सहकाऱ्याकडे सोपवा. मालकिणीनेच ते पाठवले पाहिजे असा कुठे नियम आहे? सगळ्याच महिन्यांत हे जमेल असे मात्र मी म्हणत नाही. पैशांची ओढाताण असेल तेव्हा मोकळा दिवस परवडत नाही. अशा वेळी दोन मोठ्या कामांची सुपूर्दगी एकाच आठवड्यात येऊ न देणे एवढे तरी पाळा.

लाजेबद्दल माझे मत थोडे परखड आहे. तुमचे सहकारी राबतात ते तुमच्याकडे पाहून. मध्यरात्री आलेल्या तुमच्या संदेशातून त्यांना कळते की इथे थांबायचे नसते, आणि पुढचे दोन दिवस तुमचा फोन लागत नाही तेव्हा निर्णयावाचून खोळंबतात तेही तेच. आगाऊ सांगितलेली अनुपस्थिती त्यांना अधिक सोयीची आहे. निदान सांगायचे की नाही हा सर्वस्वी तुमचा अधिकार; न सांगताही ‘काम सुपूर्द केल्याच्या दुसऱ्या दिवशी मी उपलब्ध नसेन, तातडीचे निर्णय अमुक घेईल’ एवढे वाक्य पुरते.

राहता राहिली झोप. एडीएचडी असलेल्या अनेक प्रौढांचे झोपेचे घड्याळ उशिराचे असते, म्हणून शक्य असेल तिथे सकाळच्या पहिल्या बैठका पुढे ढकला. संध्याकाळची कॉफी मात्र सोडा. तिच्यातले निम्मे कॅफीन सुमारे पाच तासांनंतरही शरीरात असते. तुम्ही औषधे घेता की नाही हे पत्रात नाही. घेत असाल, तर त्यांचा परिणाम उतरतानाचा थकवा आणि हा थकवा एकच आहेत का, हे डॉक्टरांना विचारा आणि मात्रा स्वतःहून बदलू नका. मोकळे दिवस घेऊनही काही आठवड्यांत हातातून गेलेली कौशल्ये परतली नाहीत, किंवा आवडीच्या कामातलाही रस संपला, तर नैराश्याची शक्यता तपासण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांना लगेच भेटा, कारण त्याचे उपचार वेगळे आहेत.

तुमची,
ताई