अनवाणी धावणाऱ्याने कामावर दिवसभर जड सेफ्टी शूज घातले तर पाय बिघडतात का?

तुम्ही लिहिलंय की दीड वर्षापासून अनवाणी धावताय, आता कारखान्यात नोकरी लागली आहे आणि आठ तास बोटांवर लोखंडी टोपी असलेले बूट घालावे लागतात. त्याने दीड वर्षाची मेहनत वाया जाईल का, आणि सुपरवायझरची नजर चुकवून हलके बूट घातले तर चालेल का, असं विचारलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. चालणार नाही. एका शिफ्टपुरतंही नाही.

मी साताऱ्याच्या एमआयडीसीत मशीन शॉपला आहे, अकरा वर्षं झाली. त्यातली नऊ वर्षं अनवाणी धावतोय. तुम्ही जे करायच्या विचारात आहात ते मी करून बसलोय, म्हणून एवढं लिहायला घेतलं.

आमचा धावणाऱ्यांचा ग्रुप होता. आठवड्यात चार भिंती स्मारकाकडून अजिंक्यतारा किल्ल्याचा चढ, रविवारी समर्थ मंदिरापासून यवतेश्वर घाट. त्यात एक दादा होते, वयाने आणि अनुभवाने मोठे. मला बूट सोडून धावायला त्यांनीच शिकवलं. टाच आपटायची नाही, पाऊल अंगाखाली पडलं पाहिजे, पावलं छोटी आणि भराभर, पहिला महिना अर्ध्या किलोमीटरच्या पुढे जायचं नाही. हे सगळं त्यांचंच, आणि ते आजही शंभर टक्के बरोबर आहे. पण माझे कंपनीचे बूट त्यांना खुपायचे. सेकंड शिफ्ट असली की मी धावून झाल्यावर तिथूनच कामाला जायचो, बूट गाडीला अडकवलेले असायचे. ते बघून एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "दिवसाचे आठ तास पाय बेडीत घालायचे आणि तासभर मोकळे सोडायचे, याला अनवाणी धावणं म्हणत नाहीत. एक काहीतरी धर." दादांची नोकरी टेबलावरची. ऑफिसात फरशी, पायात चपला, त्याही टेबलाखाली काढून ठेवलेल्या.

मला ते लागलं. सातारा हिल हाफ मॅरेथॉन दोन महिन्यांवर आली होती. 21 किलोमीटर, निम्मा रस्ता चढाचा आणि निम्मा उताराचा, आणि मला ती पहिल्यांदा अनवाणी पुरी करायची होती. मी पातळ तळाचे कापडी बूट घेतले आणि लॉकरमध्ये ठेवले. नाइट शिफ्टला सुपरवायझरसाहेबांचा राउंड झाला की सेफ्टी शूज काढायचे, कापडी घालायचे. तीन आठवडे चाललं. खोटं सांगणार नाही, मला फार बरं वाटायचं. बोटं मोकळी पसरायची, मशीन सुरू असली की जमिनीची थरथर तळव्याला कळायची. सकाळी पोटऱ्या हलक्या वाटायच्या. दादांचं म्हणणं मला पटत चाललं होतं.

श्रावणातली रात्र होती, तीन वाजून गेले असतील. मी आणि एक ट्रेनी पोरगा मशीनच्या टेबलावरून कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचा भाग, उचलून पॅलेटवर ठेवत होतो. पोरगा नुकताच आयटीआय करून आलेला. जॉब (त्या भागाला आम्ही जॉब म्हणतो) चौदा किलोचा, कूलंटने, म्हणजे मशीन थंड ठेवायच्या तेलकट पाण्याने, माखलेला. त्याच्या हातातून निसटला आणि माझ्या उजव्या पायावर आला. आवाज असा काही आलाच नाही. लोखंड फरशीवर पडलं की खणकन वाजतं, ते वाजलं नाही म्हणून पोरगा खाली बघायला लागला. राखाडी कापड होतं, ते पुढून हळूहळू काळं होत गेलं. आधी मला वाटलं कूलंट सांडलं.

अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं बोट, दोन्ही मोडली. अंगठ्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. डॉक्टरांनी नख काढलं, दोन्ही बोटं एकमेकांना पट्टीने बांधली आणि सहा आठवडे सांगितले. शर्यत गेली ते गेलीच, पण मला आजही टोचतं ते वेगळंच आहे. रिपोर्टमध्ये कारण आलं, "जॉब हाताळताना निष्काळजीपणा", आणि नाव आलं त्या पोराचं. माझ्या पायात काय होतं हे पहिल्या गडबडीत कुणी लिहिलंच नाही. पोराने पाहिलं होतं. तो बोलला नाही, आणि मीही गप्प बसलो. चौथ्या दिवशी मी साहेबांना फोन करून खरं सांगितलं, तोवर त्याचा तीन दिवसांचा पगार कापला गेला होता. तो मी त्याला नंतर दिला. त्याने दोनदा नको म्हटलं, मग घेतला.

पाय उशीवर ठेवून पडलो होतो तेव्हा एक हिशेब केला, तो तुम्हीही करून बघा. आपल्याकडच्या सेफ्टी शूजला आयएस 15298 हे मानक आहे. त्याप्रमाणे पुढच्या टोपीने 200 ज्यूलचा मार सोसला पाहिजे, म्हणजे साधारण 20 किलोचं वजन एक मीटरवरून पडलं तरी बोटांना जागा राहिली पाहिजे. माझा जॉब 14 किलोचा, टेबल 90 सेंटीमीटर. 14 गुणिले 9.8 गुणिले 0.9, झाले 123 ज्यूल. बूट पायात असते तर टोपीवर पोचा आला असता, पोरगा "सॉरी दादा" म्हणाला असता आणि पुढचा जॉब लावला असता.

आमच्या तात्यांनी आयुष्यभर खडी क्रशरवर काम केलं. कधी टायरच्या चपला, कधी तेही नाही. डाव्या पायाचा अंगठा मधूनच वाकडा आहे, दगडाखाली सापडला होता. टाचांना एवढ्या भेगा की हिवाळ्यात रात्री आमसुलाचं तेल गरम करून त्यात ओततात. मी अनवाणी धावायला लागलो तेव्हा ते काही बोलले नव्हते. पाय मोडल्यावर मात्र एका संध्याकाळी त्यांनी माझा सेफ्टी शू मांडीवर घेतला, आत हात घालून टोपीवरून आतून बोट फिरवलं आणि म्हणाले, "आमाला हे कुणी दिलं न्हाई. तुला दिल्यालं तू काढून ठिवलंस." परत तो विषय त्यांनी काढला नाही.

दादा शहाळं घेऊन भेटायला आले होते. माणूस मनाने चांगला, हे मी कधीच नाकारलं नाही. पण बसल्या बसल्या म्हणाले, "म्हणूनच सांगत होतो, नोकरी बदल." तेव्हा मी काही बोललो नाही. आता बोलतो. दादा नेहमी इथिओपियाच्या अबेबे बिकिला या धावपटूचं उदाहरण द्यायचे. 1960 ला रोमच्या ऑलिंपिकमध्ये तो अनवाणी धावला आणि 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत मॅरेथॉन जिंकला, खरं आहे. पण 1964 ला टोकियोत त्याच बिकिलाने बूट घातले होते. अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन सहा आठवडेही झाले नव्हते, तरी तो 2:12:11 मध्ये आला आणि दुसऱ्याला चार मिनिटांच्या वर मागे टाकलं. बूट घातले म्हणून त्याचे पाय परके झाले नाहीत. लोणंदला माउलींची पालखी येते तेव्हा कितीतरी वारकरी डांबरावर अनवाणी चालतात. तेच लोक घरी गेल्यावर औषध मारायला, उसात पाचट काढायला जाताना पायात काहीतरी घालूनच जातात. पाय केव्हा उघडा ठेवायचा आणि केव्हा झाकायचा हे कामावरून ठरतं. ज्यांच्या पायावर कधी काही पडायची शक्यता नाही त्यांनी ते ठरवू नये.

आता तुमचा पहिला प्रश्न. बुटांनी फरक पडतो, पडत नाही असं म्हणणार नाही. टाच उंच राहते, त्यामुळे पोटरी आखडते. तळ वाकत नाही, म्हणून पाऊल आतून काम करत नाही. आणि घामाने तळव्याची कातडी मऊ पडते. हे शेवटचं कुणी सांगत नाही. शिफ्ट सुटल्या सुटल्या त्या पांढऱ्या पडलेल्या तळव्यांनी डांबरावर धावलात तर दोन किलोमीटरात फोड येतो. पाय धुवा, कोरडे करा, दोन-तीन तास मोकळे ठेवा, मग धावा. मी तर धावणं कामाच्या आधीच ठेवलंय. फर्स्ट शिफ्ट असेल तर साडेचारला बाहेर. जेवणाच्या सुट्टीत मोजे बदला, पाच मिनिटं बोटं पसरून बसा, पायरीवर टाच खाली सोडून पोटरी ताणा. एवढ्यावर माझी मेहनत टिकली. पाय बरा झाल्यावर तीन महिन्यांनी परत सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी घाट अनवाणी चढून उतरलो, तेही रोज आठ तास बूट घालून.

खरा घोळ नंबरात असतो. अनवाणी धावून पाऊल रुंद होतं. माझा आठ नंबर होता, आता नऊ लागतो. स्टोअरमधून जो हातात पडेल तो जोड घेऊन येऊ नका. शिफ्ट संपल्यावर, पाय फुगलेला असताना, मोजे घालून मापा. लोखंडी टोपी चामड्यासारखी सैल होत नाही, आज करंगळीला लागते ती वर्षाने पण लागणार. रुंद पंजाचा जोड मागून घ्या. दोनदा मागावा लागेल, लाजू नका. लोखंडाऐवजी कंपोझिट (प्लॅस्टिक-फायबरच्या) टोपीचे मिळाले तर वजन जरा कमी होतं, मार तेवढाच सोसतात. आतला फुगीर सुकतळा काढून सपाट टाकायचा असेल तर आधी सेफ्टीवाल्यांना विचारा, पण खिळा वर येऊ नये म्हणून तळात जो पत्रा असतो त्याला हात लावू नका. टोपीवर एकदा मोठा मार बसला की तो जोड बाद, दिसायला कितीही चांगला असू दे.

हे आधीच लिहायला हवं होतं. तुम्ही इलेक्ट्रिकलच्या कामावर असाल तर बूट वेगळे असतात, माझं टोपीचं पुराण तिथे पुरेसं नाही. शुगर असेल, तळव्याला बधिरपणा असेल, तर अनवाणी धावणंच डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेवा. आणि नाइट शिफ्टच्या आठवड्यात धावणं निम्मं करा.

तो कापडी जोड अजून माझ्या लॉकरमध्ये आहे, उजव्यावरचा डाग धुतलेला नाही. नवीन ट्रेनी आला की दाखवतो आणि जॉब कुणाच्या हातून पडला होता ते सांगत नाही, माझ्या पायात काय होतं तेवढंच सांगतो.