जॉन हॉकवुड इंग्रज भाडोत्री सेनापती होता, तरी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराच्या कॅथेड्रलमध्ये त्याचं चित्र का आहे?

कारण त्याच्या उतारवयात फ्लॉरेन्स त्याच्याच भरवशावर मिलानसमोर उभं राहिलं.

हॉकवुड मूळचा इंग्लंडमधल्या एसेक्सचा. १३६० च्या ब्रेतिन्यी तहाने इंग्लंड-फ्रान्स युद्ध थांबलं आणि बेकार झालेल्या सैनिकांच्या टोळ्या लुटालूट करत इटलीत उतरल्या. त्यातल्या 'व्हाइट कंपनी'चं नेतृत्व पुढे त्याच्याकडे आलं. हे लोक घोड्यावरून येत, पण लढताना पायउतार होत. एकेक भाला दोघं मिळून धरत, जोडीला लांब धनुष्यांचे तिरंदाज. रात्री किंवा ऐन हिवाळ्यात छापा घालायलाही ते कचरत नसत.

इटलीतल्या शहरांकडे पैसा भरपूर होता, स्वतःची फौज तोकडी. त्यामुळे सेनापती कराराने नेमले जात, आणि न लढण्याचेही पैसे मिळत! १३७५ मध्ये हल्ला टाळण्यासाठी फ्लॉरेन्सने हॉकवुडला १,३०,००० फ्लोरिन (सोन्याची नाणी) मोजले.

चेझेना शहरात घडलेलं मात्र विसरता येत नाही. १३७७ मध्ये पोपचा प्रतिनिधी कार्डिनल रॉबर्ट याच्या हुकमावरून तिथे हजारो नागरिकांची कत्तल झाली, आणि त्यात हॉकवुडची माणसंही होती. हुकूम दुसऱ्याचा होता म्हणून त्याचा दोष कमी होत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

१३८७ मध्ये कास्तान्यारोच्या लढाईत त्याने पादुआ शहराला मोठा विजय मिळवून दिला. १३९०-९१ मध्ये मिलानचा शासक जान गालेआत्सो विस्कोंती याच्याविरुद्ध तो फ्लॉरेन्सकडून लढला. १३९४ मध्ये तो वारल्यावर शहराने थाटात अंत्यविधी केला. संगमरवरी स्मारकाचा बेत बारगळला, म्हणून १४३६ मध्ये चित्रकार पाओलो उच्चेल्लोकडून भित्तिचित्र काढून घेतलं.