माळ्यावरची ट्रंक उघडली, आता पुढे?

वाचक विचारतात : दिवाळीची आवराआवर आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांची पाडापाडी, दोन्ही एकाच वेळी आल्याने या महिन्याचे प्रश्न जणू एकाच ट्रंकेतून निघाले आहेत. म्हणून उत्तरंही एकत्रच देत आहोत.

प्रश्न : आमचा वाडा रिकामा करताना माळ्यावर आजीची पत्र्याची ट्रंक सापडली. आत पत्रं, वह्या, सुती कपडे, लाकडी बैल, भोवरे आहेत. तळ गंजलाय, कुबट वास येतो. सगळं चार दिवस कडक उन्हात टाकावं का?
– वाचक, भद्रकाली

उन्हात टाकू नका. उन्हाने वास जाईल, पण शाई उडेल, फोटो वळतील आणि लाखेच्या रंगाची खेळणी मऊ होऊन त्यांना बोटांचे ठसे पडतील. या वस्तूंना हवी सावली आणि वारा.

काहीही उचलण्याआधी झाकण उघडून मोबाइलने वरच्या थराचा फोटो काढा. तो थर काढला की खालच्याचा काढा, असं तळापर्यंत जा. कोणती वस्तू कशात गुंडाळली होती, कोणतं पत्र कोणत्या वहीत होतं, हीसुद्धा माहितीच आहे आणि एकदा ढीग झाला की ती परत मिळत नाही. घाईत इथेच सगळ्यात मोठं नुकसान होतं.

काम चौकात किंवा गॅलरीत करा. पंख्याखाली नको, कारण बुरशीची भुकटी घरभर उडते. एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. बुरशीला मऊ कुंचला लावून पाहा. ती चिकटून पसरली तर अजून ओली आहे, मग तो कागद दोन-तीन दिवस सावलीत सुटा ठेवा. कोरडी झाली की कुंचला आपल्यापासून दूर फिरवत झटका. ओल्या फडक्याने पुसलीत तर ती कागदाच्या आत मुरते.

वहीच्या कडा कुरतडलेल्या दिसल्या तर बहुधा कसर, म्हणजे कागद-कापड खाणारी कीड, लागली आहे. वही किंवा सुती कापड जाड प्लॅस्टिक पिशवीत घाला, हवा काढून तोंड घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर हवेतलं बाष्प थेट थंड कागदावर धरतं. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा सहसा इतका थंड नसतो, त्यात हा उपाय फसतो. फोटो, कॅसेट आणि रंगवलेलं लाकूड फ्रीझरमध्ये घालू नका. बैलाच्या पायाशी पिठासारखी ताजी भुकटी पडत असेल तर लाकूड पोखरणारी कीड जिवंत आहे. तो बैल बाकीच्यांपासून वेगळा ठेवा.

ट्रंक चांगली असते, टाकू नका. गंज घासून आतून-बाहेरून रेड ऑक्साइड लावा आणि रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत दोन-तीन आठवडे उघडी ठेवा. आत मांजरपाटाचं अस्तर घाला, पण मांजरपाट आधी दोनदा धुऊन त्याची खळ काढा, कारण खळ हे कसरीचं खाद्य आहे. ओल शोषणारं सिलिका जेल शंभर ग्रॅम ठेवा. रंग बदलणारे दाणे घेतलेत तर ओल कधी धरली ते कळतं. मग ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून ते पुन्हा वापरता येतात.

ट्रंकेखाली दोन लाकडी पट्ट्या घाला आणि ती भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. पत्र्याखालचा माळा नको, एप्रिल-मेमध्ये तिथे भट्टी होते. गोदाकाठचा तळमजलाही नको. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर ज्यांनी पाहिलेत त्यांना याचं कारण सांगायला नको. ट्रंक उघडून वारा द्यायला नाशकात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कोरडा काळ उत्तम. पावसाळ्यात झाकण उघडूच नका.

प्रश्न : माझी पितळी भातुकली पंचवीस वर्षांनी हाती आली. लिंबू-मीठ लावून रात्रभर ठेवली, तर काही भांडी गुलाबी पडली. आता चार वर्षांच्या मुलीला खेळायला द्यायची आहे.
– वाचिका, पंचवटी

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट पदार्थ जास्त वेळ राहिला की पृष्ठभागातलं जस्त आधी विरघळतं आणि तांबं उघडं पडतं, तोच हा गुलाबी रंग. वरवरचा असेल तर भांड्यांच्या पावडरीने हलकं घासून जातो. चिंच किंवा लिंबू लावायचंच असेल तर दोन-तीन मिनिटं पुरे. मग एक लिटर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्यात भांडी बुडवा, साध्या पाण्याने धुवा आणि लगेच कोरडी करा. कानाकोपऱ्यात, बंबाच्या तोटीत, कळशीच्या गळ्याशी आंबट अंश राहिला तर महिन्याभरात तिथे हिरवा कळंक धरतो. पाणी निघण्यासाठी भांडी पालथी घालून केसांच्या ड्रायरची कोमट हवा द्या.

खरं तर आरशासारखं चकाकवण्याची गरजच नाही. काळसर तपकिरी थर धातूचं रक्षण करतो. हिरवी भुकटी मात्र काढायलाच हवी. कोमट पाणी, सौम्य साबण आणि जुना दात घासायचा ब्रश एवढ्याने बहुतेक भातुकली खेळण्याजोगी होते. आत पांढुरकी कल्हई दिसली तर पावडर लावूच नका, कथलाचा तो थर फार पातळ असतो.

मुलीला जरूर द्या. कपाटात काचेमागे ठेवलेली भातुकली बघण्यापुरती उरते. फक्त तीन गोष्टी बघा. सव्वातीन सेंटिमीटरपेक्षा लहान वस्तू, म्हणजे झारा, पळी, छोटी झाकणं, तीन वर्षांखालच्या भावंडाच्या हाती लागू देऊ नका. ती घशात अडकतात. रंगवलेलं जुनं लाकूड किंवा पत्रा तोंडात घालणाऱ्या मुलाला अजिबात नको, कारण जुन्या रंगांत शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला दशलक्षात ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, तुमची खेळणी त्याआधीची आहेत. आणि कल्हई नसलेल्या पितळेत दही, चिंच, कैरी, सरबत ठेवायचं नाही. चुरमुरे, फुटाणे, दाणे-गूळ, पोळीचे तुकडे, एवढ्यात मुलांचा स्वयंपाक छान होतो. ताकाचा हट्टच असेल तर दोन भांड्यांना शुद्ध कथलाची कल्हई करून घ्या. कल्हईवाला कुठे भेटेल ते भांडीबाजारात विचारा.

प्रश्न : माझ्या बारशाची कुंची, झबलं आणि आजीच्या नऊवारीचं दुपटं सापडलं. डांबराच्या गोळ्यांचा उग्र वास आहे. पुढच्या महिन्यात नातीचं बारसं आहे, तेव्हा तिला हेच घालायचं ठरलंय.
– वाचिका, गंगापूर रोड

थोडं थांबा. तान्ह्या बाळाच्या बाबतीत हा वास निव्वळ गैरसोयीचा नसतो. डांबराच्या गोळ्यांतल्या नॅप्थलीनमुळे काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होते. ज्यांच्या रक्तात जी-६-पीडी हे विकर (एन्झाइम) कमी असतं त्यांना धोका जास्त, आणि ते कमी आहे हे बाहेरून दिसत नाही. गोळ्या कापराच्या असल्या तरी तान्ह्याजवळ नकोच.

कपडे आजच बाहेर काढा आणि हवेशीर सावलीत, दोरीवर न टांगता, खाटेवर चादर घालून पसरा. दोन आठवडे तसेच राहू द्या. मग सुती झबलं आणि दुपटं धुवा. आधी शिवणीच्या आतल्या बाजूला ओलं पांढरं फडकं दोन मिनिटं दाबून रंग सुटतो का बघा. सुटत नसेल तर गार पाण्यात अर्धा तास भिजवा, रिठ्याच्या पाण्यात अलगद दाबा, चोळू-पिळू नका. उचलताना खाली जाळी किंवा टॉवेल धरा, कारण भिजलेलं जुनं कापड स्वतःच्या वजनानेच फाटतं. पिवळे डाग तेलाचे आणि दुधाचे आहेत, वर्षानुवर्षं हवा लागून पक्के झालेले. ब्लीच घातलंत तर डागासोबत धागाही जाईल. राहू द्यावेत.

जरीकाठाची किंवा खणाची कुंची घरी धुऊ नका. काळवंडलेल्या जरीला टूथपेस्ट लावणं तर नकोच, त्याने वरचा मुलामा खरवडून निघतो.

बारशाच्या दिवशी कपडा नाकाशी धरून बघा. किंचितही वास आला तर बाळाला घालू नका, पाळण्यातही ठेवू नका. कुंची ताटात ठेवून सगळ्यांना दाखवा आणि बाळाला नवं झबलं घाला. वास नसेल तर आतल्या कपड्यांवरून फोटोपुरती घाला, मोत्यांच्या नाड्या गळ्याशी बांधू नका. परत ठेवताना खळ-इस्त्री न करता, घडीत मलमलीची गुंडाळी घालून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी घडी बदला, म्हणजे एकाच रेषेवर कापड चिरत नाही. कडुनिंबाचा पाला वाळवून पुरचुंडीत बांधा. सुटा ठेवलात तर डाग पडतात.

प्रश्न : शाळेतले फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकलेत. ओढले तर फाटतात.
– वाचक, सातपूर

ओढू नका. बिनमेणाचा दात साफ करायचा दोरा फोटोच्या कोपऱ्याखाली घाला आणि करवतीसारखा मागेपुढे करत हळूहळू दुसऱ्या टोकाला न्या. दोरा अडला तर थांबा आणि फोटो पानासकट ६०० डीपीआयवर स्कॅन करा. काचेला चिकटलेला फोटोही तसाच काचेतून स्कॅन करावा. मागे बॉलपेनने लिहू नका, दाबाचा वळ पुढे उमटतो. जुन्या कागदी फोटोवर मऊ २बी पेन्सिल चालते. प्लॅस्टिकचा थर असलेल्या रंगीत फोटोवर पेन्सिल उमटत नाही, त्यांची नावं पाकिटावर लिहा. नावं मात्र याच दिवाळीत लिहा, ओळखणारी माणसं घरात जमलेली असतील तेव्हा.

प्रश्न : आई गेल्यावर घर आवरतो आहोत. तिघं भावंडं, तिघांचे लहान फ्लॅट. प्रगतिपुस्तकं, पाट्या, गोट्या, कंपासपेट्या, राख्या, आईच्या हिशेबाच्या वह्या. टाकवत नाही आणि ठेवायला जागा नाही. काय ठेवावं?
– वाचिका, इंदिरानगर

पहिल्या दिवशी काहीच ठरवू नका. तिघं एकत्र बसा, वस्तू जमिनीवर मांडा आणि प्रत्येकीबद्दल जो जे सांगेल ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. एकाच पाटीबद्दल तिघांना तीन वेगळ्या गोष्टी आठवतात, आणि कोणती वस्तू कोणाकडे जावी ते बहुधा त्यातूनच समजतं.

आमचं मत स्पष्ट आहे : प्रगतिपुस्तकांपेक्षा हिशेबाच्या वह्या मोलाच्या. गुणांचे आकडे वाचायला कोणी येत नाही. प्रत्येकाचं एकच प्रगतिपुस्तक ठेवा, ज्यावर पालकाची सही स्पष्ट आहे ते. हिशेबाच्या वहीत मात्र आईचं रोजचं अक्षर आहे. दूध किती घेतलं, रॉकेलला किती गेले, कोणाच्या चपला कधी आणल्या, पाहुणे आले त्या आठवड्यात साखर किती जास्त लागली. घर कसं चाललं ते तिथे दिसतं.

स्वयंपाकघरही तपासा, तिथली वस्तू कोणी जपायच्या यादीत घालत नाही. आईच्या ‘दोन वाट्या’ म्हणजे कोणती वाटी? ती शोधा, काठोकाठ पाणी भरून मोजपात्रात ओता आणि किती मिलिलिटर भरलं ते लिहून ठेवा. वाट्या १०० पासून २०० मिलिलिटरपर्यंत काहीही असतात, म्हणून तर तिचं प्रमाण तंतोतंत पाळूनही लाडू तसा वळत नाही. आकडा तिघांनी घ्या. वाटी ज्याच्याकडे जाईल त्याने ती तांदळाच्या डब्यात टाकावी आणि रोज वापरावी. पितळी तांब्या, खलबत्ता, गोधडी यांनाही हेच लागू. वापरात राहिलेली वस्तू धुतली जाते, दुरुस्त होते, कोणी ना कोणी तिच्याबद्दल विचारतं.

उरलेल्यांसाठी प्रत्येकी एक डबा, साधारण बारा बाय नऊ इंचांचा. त्यात मावेल तेवढंच. डब्यात न मावलेल्या वस्तूचा शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा आणि ती योग्य हाती द्या. बंद करण्याआधी टाचण्या, स्टेपल, रबरबँड काढून टाका, सेलोटेप नव्याने लावू नका. कंपासपेटीतलं खोडरबर बाहेर काढाच, ते प्लॅस्टिकच्या पट्टीत वितळून बसतं. खेळण्यातले सेलही काढा.

प्रश्न : जुनी नाणी आणि तिकिटं घासूनपुसून विकता येतील का?
– वाचक, नाशिकरोड

नाणी घासू नका, घासलेल्या नाण्याला संग्राहक किंमत देत नाहीत. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद आहेत, आणि लाखो घरांत असल्यामुळे बहुतेकांना फारसा भाव नसतो. मुलांना नाणी दाखवायची असतील तर अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय जवळच आहे. टपालाची तिकिटं १९२६ पासून तुमच्याच नाशिकरोडला छापली जाऊ लागली. पाकिटावरून तिकीट सोडवू नका. शिक्क्यावरची तारीख तिकिटासोबत राहिली, तर तारीख न घातलेलं पत्रही कधीचं ते कळतं.

प्रश्न : आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची साठ मिनिटांची कॅसेट आहे. टेपरेकॉर्डरमध्ये घालायची भीती वाटते.
– वाचक, सिडको

भीती रास्त आहे. खिडकीतून फितीच्या कडा बघा. पांढरी पूड दिसली तर ती बुरशी आहे. वाजवू नका, जाणकाराकडे द्या. स्वच्छ असेल तर आधी पेन्सिलीने दोन्ही चक्रं फिरतात का पाहा. फितीमागचा छोटा स्पंजाचा तुकडा गळलेला असेल तर आवाज मंद आणि तुटक येतो. अशा वेळी फीत दुसऱ्या, स्क्रूच्या कॅसेटमध्ये बसवून घ्यावी. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही चिमुकले प्लॅस्टिकचे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. यंत्राचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा आणि आधी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट वाजवून बघा. मग आजीची एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून सुरुवात करा.

हेडफोनच्या भोकातून संगणकात वायर जोडा आणि डब्ल्यूएव्ही प्रकारात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर घ्या. एक बाजू तीस मिनिटांची, मध्ये थांबवू नका. ती फाइल जशीच्या तशी दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि घरच्यांना पाठवायला तिची वेगळी एमपी-३ प्रत करा. खरखर कमी करायची ती फक्त त्या प्रतीत, तीही बेताने. खरखर काढणारं सॉफ्टवेअर जात्याची घरघर, बांगड्यांचा आवाज आणि ओवीमधला आजीचा श्वासही खरखर समजून पुसून टाकतं.