उसना शॉर्टस्टॉप चालेल का?

वाचकांचे प्रश्न : सिम्युलेशन बेसबॉल (खऱ्या खेळाडूंच्या आकडेवारीवर फाशांनी किंवा संगणकावर खेळायचा बेसबॉल)

प्रश्न : आमच्या लीगमध्ये माझा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) सहा आठवड्यांसाठी जखमी आहे. मित्राच्या संघात चांगला राखीव शॉर्टस्टॉप आहे. तो मी घ्यायचा, बदल्यात माझा एक रिलीव्हर (सामन्याच्या मध्यात उतरणारा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा) त्याला द्यायचा आणि माझा खेळाडू बरा झाला की दोघांनी आपापले परत घ्यायचे, असं आमचं ठरलं होतं. लीग चालवणाऱ्या कमिशनरांनी हा ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, अडवला. नियमावलीत याला मनाई नाही, मग हा अन्याय नाही का?

उत्तर : नाही, कमिशनरांनी योग्य तेच केलं. ट्रेडमध्ये दोघेही जोखीम उचलतात. दिलेला खेळाडू पुढे चमकला तर हळहळ आपली, आणि घेतलेला जायबंदी झाला तर भुर्दंडही आपलाच. परत द्यायचं आधीच ठरलं की ही जोखीम संपते. मग २६-२६ जणांचे दोन संघ प्रत्यक्षात ५२ जणांचा एक संघ म्हणून वावरतात. त्या शॉर्टस्टॉपसाठी तिसऱ्या कुणी होतकरू पिचर मोजला असता, त्याला तर बोली लावायची संधीच मिळाली नाही.

‘नियमात नाही’ हा बचाव खऱ्या बेसबॉलमध्येही टिकलेला नाही. जून १९७६ मध्ये ओकलंड संघाचे मालक चार्ली फिन्ली यांनी आपले खेळाडू रोली फिंगर्स आणि जो रूडी बॉस्टनला प्रत्येकी १० लाख डॉलरना, तर व्हायडा ब्लू यांकीजना १५ लाखांना विकला. रोखीने खेळाडू विकायला बंदी नव्हती. तरीही मेजर लीगचे (अमेरिकेतली अव्वल व्यावसायिक लीग) कमिशनर बोवी कून यांनी खेळाच्या हिताचं कारण देऊन तिन्ही सौदे रद्द केले. फिन्ली कोर्टात गेले आणि हरले.

तरी नियम लिहून ठेवलेला बरा : ‘ट्रेड झालेला खेळाडू त्याच हंगामात मूळ संघाकडे परतणार नाही, थेट नाही, तिसऱ्या संघामार्फत नाही आणि वेव्हरवरूनही (संघांनी सोडलेल्या खेळाडूंची यादी) नाही.’ शेवटच्या दोन पळवाटा लिहायच्या राहतात आणि नेमक्या त्याच वापरल्या जातात.

तुमच्यापुरतं सांगायचं तर सध्याच्या मेजर लीगचे नियम लावले असतील तर खेळाडूला १० दिवसांच्या (किमान १० दिवस बाहेर) जखमी यादीत ठेवा. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. ६० दिवसांच्या यादीत टाकलंत तर ४० जणांच्या रोस्टरमधली (२६ खेळणारे आणि बाकीचे राखीव धरून पूर्ण यादी) एक जागा मोकळी होईल, पण बरा झालेला खेळाडू १८ दिवस बसून राहील. तात्पुरता माणूस शोधताना आधी त्याचं क्षेत्ररक्षण पाहा, बॅटिंग नंतर.

प्रश्न : स्ट्रॅट-ओ-मॅटिक (फासे आणि खेळाडूंची कार्डं वापरून खेळायचा बेसबॉल) कार्डांच्या आमच्या लीगमध्ये मी .३५० सरासरीचा एक बॅटर ट्रेडमध्ये मिळवला. प्रत्यक्ष हंगामात त्याला फक्त ८५ प्लेट अपिअरन्स (बॅटिंगला उभं राहायच्या संधी) मिळाल्या होत्या. मी त्याला रोज खेळवतो, तर सगळे नाराज आहेत.

उत्तर : नाराजी रास्त आहे. समजा ८५ पैकी ५ वॉक (चार खराब चेंडूंवर फुकट मिळालेला पहिला बेस) होते आणि उरलेल्या ८० अॅट-बॅटमध्ये (सरासरीसाठी धरल्या जाणाऱ्या संधी) २८ हिट (फटका मारून बेस गाठणं) होते. त्यातले पाचच हिट कमी पडले असते तर सरासरी .२८८ वर आली असती. म्हणजे कार्डावर छापलं गेलं ते बरंचसं नशीब. या खेळात पहिला फासा १ ते ३ पडला तर निकाल बॅटरच्या कार्डावरून लागतो, ४ ते ६ पडला तर पिचरच्या. त्यामुळे अशा बॅटरला ६०० वेळा उभं केलं तर साधारण ३०० निकाल त्या फुगलेल्या कार्डावरून येणार. म्हणूनच अनेक लीग प्रत्यक्ष प्लेट अपिअरन्सइतकीच, किंवा फार तर १० टक्के जास्त, मर्यादा घालतात. तुमच्या बॅटरसाठी ती ९३ होईल.

यातली खरी मेख ट्रेडमध्ये असते. आधीच्या संघाने त्याला ७० वेळा खेळवलं असेल तर तुमच्या वाट्याला २३ उरतात, पुन्हा ९३ नाहीत. हिशेब संघाच्या नावावर ठेवला की दोन संघ एकच कार्ड आलटून पालटून दुप्पट वापरतात. ट्रेड कळवतानाच ‘आजवर वापरलेल्या प्लेट अपिअरन्स’ हा आकडा दोघांनी लिहायचा. पिचरच्या डावांनाही हेच लागू. उरलेल्या संधी मात्र हुशारीने वापरा : कार्डाची डावखुऱ्या पिचरविरुद्धची बाजू भारी असेल तर समोर तसा पिचर असेल त्याच दिवशी त्याला उतरवा. त्याला कुणी नावं ठेवणार नाही.

प्रश्न : तळाच्या संघाने आपला एक नंबरचा पिचर दोन नवख्यांच्या बदल्यात अव्वल संघाला दिला. मतदान घेऊन ट्रेड रद्द करावा का?

उत्तर : मतदान नको. प्रतिस्पर्धी स्वतःची सोय पाहूनच मत देतात. कमिशनरांनी दोघांकडून वेगवेगळं, दोन-तीन ओळींत कारण मागवावं : या ट्रेडने तुमचा संघ कधी आणि कसा सुधारेल? हंगाम हातचा गेलेल्या संघाने पुढच्या वर्षासाठी नवखे घेणं रीतसर आहे, भाव थोडा चुकला तरीही. उत्तरच नसेल, किंवा मॅनेजर लीग सोडून चालला असेल, तर ट्रेड थांबवा. ट्रेड कमिशनरांच्याच संघाचा असेल तर निर्णय दुसऱ्याने घ्यायचा, आणि तो दुसरा कोण हे हंगामाआधीच ठरलेलं हवं.