वारस, वारसदार आणि विसरलेली मिरास

प्रश्न असा: वडील वारले. तलाठ्याकडे 'वारस नोंद' करायची आहे, पतपेढीच्या अर्जावर मात्र 'कायदेशीर वारसदार' छापलंय. दोन्ही एकच का, आणि बरोबर कोणता?

एकच. बरोबर 'वारस'. 'वारसदार' कानावर आला की माझं डोकं फिरतं, आणि हल्ली तो बातम्यांपासून वकिली नोटिशीपर्यंत सगळीकडे येतो. अरबी 'वारिस' म्हणजेच वारसा मिळणारा माणूस. त्याला फारसी 'दार', म्हणजे बाळगणारा, चिकटवला की अर्थ होतो 'वारस असणारा'. म्हणजे या प्रकरणात तुमचे कैलासवासी वडील!

कोश उघडून दाखवणारे सांगतात, की तो 'वारसा' अधिक 'दार' आहे, मधला काना गळला. मराठीत काना असा सहसा गळत नाही हो. हिस्सा–हिस्सेदार, ठेका–ठेकेदार, मक्ता–मक्तेदार, किल्ला–किल्लेदार. या न्यायाने 'वारसेदार' व्हायला हवा होता. शिवाय स्टँडवर सापडते ती बॅग बेवारस असते, 'बेवारसदार' नव्हे.

मग हा आला कुठून? इथे खरी गंमत आहे. 'मिरास' हा शब्द घ्या. 'वारस' आणि 'मिरास' सख्खी भावंडं: एकाच अरबी धातूची. धातूच्या आधी 'मि' लागला, त्यात 'व' विरघळून ईकार झाला आणि 'मीरास' उरला, म्हणजे वारशाने आलेली वस्तू. मराठेशाहीत मिरासदार जमीन वंशपरंपरेने कसायचा. बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. उत्तरेकडचे मिरासी गवई याच घरातले. मलाय भाषेत वारशाला 'वारिसान' म्हणतात, तोही याच गोतातला. आपल्याकडे मिराशी, मिरासदार ही आडनावं उरली आणि 'ही काय तुझ्या बापाची मिरास आहे?' हा भांडणातला सवाल.

'मिरासदार' मात्र व्याकरणाने चोख आहे, कारण मिरास ही बाळगायची वस्तू. माझा तर्क असा, की इंग्रजी अमलात रयतवारी (सरकारने थेट रयतेकडून सारा घ्यायची पद्धत) आली, मिरास-उपरी भेद पुसला, शब्दाचा अर्थ धूसर झाला; पण '–रासदार' हा ठेका कानात राहिला आणि लोकांनी तिथे ओळखीचा 'वारस' बसवला. कागदी पुरावा मागाल तर नाही. पण काना गळाल्याचा तरी कुठे आहे?

'परकीय शब्द टाका, दायाद (वारसासाठीचा संस्कृत शब्द) म्हणा' असं सुचवणाऱ्यांनी तो आधी तलाठ्यासमोर म्हणून दाखवावा. 'दाय' मला प्रियच आहे. कोकणीत वारशाला अजून 'दायज' म्हणतात. पण दायाद सांगून फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला नावबदल, होत नाही.

हां, तुमचा अर्ज. छापील 'वारसदार' खोडू नका, कारकून कागद परत करील. वारस नोंद आधी गाव नमुना 6-क मध्ये, म्हणजे तलाठ्याच्या वारस नोंदवहीत, जाते, मग फेरफार. आणि 'खात्याला वारस लावला' असं म्हणून तुमच्या घरी बहुधा नॉमिनी लावला असेल. तो वारस नव्हे. पतपेढी रक्कम त्याच्या हाती देईल, पण मालकी वारसांची. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत 1983 साली आणि शेअर्सबाबत 2023 साली हेच सांगितलं. (विम्यात पुढे कायदा बदलून जवळच्या नातलग नॉमिनीला जास्त हक्क दिले, ते वेगळं.) तेव्हा नॉमिनी म्हणून एकट्या थोरल्या भावाचं नाव असेल, तर बहिणींचा हिस्सा संपला असं त्याला समजू देऊ नका.